दातांच्या दवाखान्यावर लागलेले आमचे धोरण

मंगळवार, दुपार
दुकानातूनच

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (पत्रातला साष्टांग एरवी लिहिण्यापुरताच असतो, पण आज सकाळी मी खरोखर आडवा पडलो होतो. मास्तरांनी रंगवून फरशीवर वाळत ठेवलेली पाटी उडी मारून ओलांडायची असा माझा बेत होता. बेतात काही खोट नव्हती, उडी कमी पडली. म्हणून या कागदाच्या कडेला पिवळी बोटं उमटली आहेत. ऑइलपेंट आहे, पत्र डोळ्यांजवळ धरू नये.)

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून आनंद झाला. उतरू देतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा चढून गेल्यावर तुम्ही वर काय करता याची उत्सुकता लागून राहिली आहे. मामींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता त्यांना पंख्याच्या पात्यांवरची धूळ खालूनच दिसते, हे तुम्ही ज्या सुरात लिहिलं आहे त्यावरून काळजी त्यांची करावी की तुमची, ते कळेना. आमच्याकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम आहेत. दुकानाचं विचाराल, तर त्यासाठीच हे पत्र.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको: ताई नऊ दिवस दुकानात आलेली नाही. रस्त्यापलीकडे मशीनवर पाट्या छापणारे जे नवीन लोक आले आहेत (आम्ही त्यांना मशीनवालेच म्हणतो, नाव घेतलं की मास्तर उठून बाहेर जातात), त्यांनी तिला नोकरीला बोलावलं आहे. एक तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. आज पंचवीस. ती हो म्हणाली तर मास्तरही घरी बसणार, कारण "ताई नसल्या तर मी कुणासाठी काढू अक्षरं" असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे. मग तुम्ही तीस वर्षं चालवून आम्हा भावंडांच्या हाती दिलेल्या या दुकानात फक्त मी उरेन आणि माझं धोरण उरेल. त्यातलं धोरणही मध्यंतरी दुकानात नव्हतं. ते चार दिवस एका दंतवैद्याच्या दारावर टांगलेलं होतं. ते कसं, ते सांगतो.

सुरुवात त्या शिबिराने झाली. धंदा करणाऱ्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं, खुर्च्या मऊ होत्या, आणि शिकवणारे गृहस्थ जाड चष्म्याचे, आवाजाने अत्यंत गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी किती मालकांच्या हाताला आत्ता कामाचे डाग आहेत? मी भाबडेपणाने हात वर केला. एकट्यानेच. लाल रंगाचा होता. सगळं सभागृह माझ्याकडे असं बघायला लागलं की मी कुणाचा तरी खून करून आलो आहे. चष्मेवाल्यांनी मग फार प्रेमाने समजावलं की ज्याचा हात कामात त्याचं डोकं झोपेत, आणि मालकाने उंचावर बसून दूरवर बघायचं असतं. मी घरी येऊन अर्धी बाटली टर्पेंटाइन घालून हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो.

माळा म्हणजे आपला तोच, रिकामे डबे ठेवायचा. डबे मी खाली आणले, त्यांच्या जागी टेबल गेलं, खुर्ची गेली, भिंतीवर पुसता येणारा पांढरा फळा गेला, आणि सगळ्यात शेवटी मी गेलो. उंचावरून दूरवर बघायचं म्हणून मान वर केली तर डोकं तुळईला लागलं, तेव्हापासून मी बसूनच दूरवर बघतो. ताईने शिडी धरून ठेवली होती. एवढंच म्हणाली, "वरून खालचं दिसतं का रे?" मला वाटलं कौतुक चाललंय. तिथे बसून मी एक वर्षाचं, तीन वर्षांचं आणि पाच वर्षांचं अशी तीन धोरणं तयार केली. पाच वर्षांचं सगळ्यात लवकर झालं. एक वर्षाचं जरा जड गेलं, आणि येत्या आठवड्याचं मात्र काही केल्या सुचेना, म्हणून ते मी ताईवर सोपवलं. (मामा, हे असं का होतं? जितकं लांबचं तितकं सोपं वाटतं. मी यावर बराच विचार केला आहे. बहुतेक लांबच्या कामाला अजून कुणी हात लावलेला नसतो म्हणून असेल.)

धोरणाबरोबर सुधारणाही हव्यात, म्हणून मी पहिला हात घातला तो चिठ्ठ्यांना. तुमची पद्धत तुम्हाला आठवत असेलच: गिऱ्हाईकाची एक चिठ्ठी, तिच्यावर पाटीचा मजकूर, माप, रंग आणि खाली पोचवायचा पत्ता. ती मास्तरांच्या डाव्या हाताच्या खिळ्याला लावायची. मला त्यात फार गर्दी वाटली. म्हणून मी चिठ्ठीचे दोन भाग केले, मजकुराची वेगळी आणि पत्त्याची वेगळी, आणि दोन्ही टाचणीने जोडायच्या. म्हणजे माहिती सुटसुटीत होते. ताई म्हणाली की जे एकत्र होतं ते कापून पुन्हा टाचायचं कशाला. मी म्हटलं, ही पद्धत आहे. ती गप्प बसली. ताई गप्प बसली की पटलं असं मी चाळीस वर्षं समजत आलो आहे.

आता शिबिरात असंही सांगितलं होतं की धोरण ठळक अक्षरांत रोज डोळ्यांसमोर असावं. इथे अक्षरांना काय तोटा. मी धोरण चिठ्ठीवर लिहिलं, माप पाच फूट बाय तीन, निळ्यावर पांढरं, आणि पत्ता लिहिला: माळा. त्याच दिवशी रस्त्याच्या टोकाला दवाखाना उघडणारे दंतवैद्य येऊन गेले होते. त्यांचीही पाटी पाच बाय तीन, निळ्यावर पांढरी. मी माझ्या सुटसुटीत पद्धतीने चारही कागद समोर ठेवले, आणि टाचण्या लावल्या. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, पण मला सविस्तर लिहू द्या, माझं मन हलकं होतं.

तुम्ही म्हणाल, मास्तरांच्या लक्षात कसं आलं नाही. मीही हेच विचारलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "मी अक्षरं बघतो, वाचत नाही. वाचायला लागलं की हात थांबतो." मामा, पस्तीस वर्षं हा माणूस रोज आठ तास अक्षरं काढतो आहे आणि त्यातलं एक वाक्य त्याने वाचलेलं नाही. मी त्यांना विचारलं, मग चूक असली तर? ते म्हणाले, "ती बघायला ताई आहेत ना." आणि ते खरंच होतं. पाटी कागदात गुंडाळायच्या आधी ताई ती नखशिखांत वाचते, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, हे तिचं वर्षानुवर्षांचं आहे. त्या दिवशी मात्र पाटी बांधली गेली तेव्हा ताई खाली नव्हती. ती माळ्यावर होती. मी बैठक बोलावली होती. बैठकीचा विषय, मी फळ्यावर लाल अक्षरांत लिहिला होता, 'चुका कशा टाळाव्यात'. उपस्थिती दोन.

टेम्पोवाल्याने पाटी नेली, सुताराने ती दवाखान्यावर ठोकली (सुतारही वाचत नाही, तो फक्त वर कुठलं आणि खाली कुठलं ते विचारतो), आणि दंतवैद्य आत नव्या खुर्चीचं प्लास्टिक काढत होते. त्यामुळे पहिले तीन तास आमचं धोरण तिथे निर्वेध उभं होतं. ते मी इथे जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे तुम्हाला त्याची खोली कळेल:

आमचे धोरण
१. एकदा आलेले गिऱ्हाईक जन्मभर येत राहील असे काम करावे.
२. काम लहान असले तरी हळूहळू मोठे करून घ्यावे.
३. जुने मुळापासून उपटून नवे बसवावे.
४. समोरच्याला बोलू न देता आपले म्हणणे पटवावे.
५. चूक झाल्यास न डगमगता शेजारच्यापासून सुरुवात करावी.

(पाचव्या कलमातला शेजारचा म्हणजे मशीनवाल्यांच्या शेजारचा कापडवाला. त्याच्याकडून पाटीचं काम मिळवायचं होतं. हे समजून घेतल्याशिवाय ते कलम जरा वेगळं वाटतं, हे मला मान्य आहे.)

दवाखान्यासमोर गर्दी जमली. काही लोक हसत होते, पण ज्यांची दाढ दुखत होती ते हसत नव्हते. एक बाई गालाला हात लावून आल्या, पाचही कलमं वाचली, आणि दुखणं थांबलं असं सांगून परत गेल्या. दंतवैद्यांनी चार वाजता रस्ता ओलांडून आपली पाटी लांबून कशी दिसते ते बघितलं आणि तसेच चालत आमच्याकडे आले. फार सभ्य माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "तिसरा मुद्दा तसा बरोबर आहे हो. पण दारावर नको." माझी दातखीळ बसली. तोवर सुतार दुसऱ्या कामाला निघून गेला होता, आणि तो चार दिवसांनी उगवला, म्हणून पाटी चार दिवस तशीच राहिली. दंतवैद्यांनी तिच्यावर चादर टाकली होती. पण चादर वाऱ्याने नेमकी दुसऱ्या कलमापर्यंत वर व्हायची, असं चहावाला सांगतो.

इकडे त्याच दुपारी, ही अदलाबदल कळायच्या आधीच, मास्तरांनी दंतवैद्यांची पाटी माळ्यावर नेऊन लावली होती. त्यामुळे माझ्या खुर्चीच्या मागे, निळ्यावर पांढरं, लिहिलं होतं: 'येथे न दुखता दात काढले जातात. सकाळी दहा ते एक. आधी नाव नोंदवावे.' संध्याकाळी ताई शिडी चढून वर आली आणि ती पाटी बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल. ती हसली असती तर सगळं तिथेच संपलं असतं, कारण ताई हसली की तिचा राग गेलेला असतो, हे तुम्हाला माहीत आहे. ती हसली नाही. अक्षरं काढताना हात टेकायची ती काठी, तुम्ही तिला दिलेली, तिने माझ्या टेबलावर आडवी ठेवली. म्हणाली, "तू मला चुका कशा टाळायच्या ते शिकवत होतास ना, तेव्हा खाली चूक कागदात बांधली जात होती." मी काहीतरी म्हणणार होतो, तर म्हणाली, "ठरवणं वेगळं आणि करणं वेगळं, हे तुला कुणी सांगितलं? मला एकदा विचारायचंस तरी." आणि उतरून गेली. भावोजींना विचारलं तर ते म्हणतात बाहेरगावी गेली आहे, आणि पुढचं विचारलं की त्यांना एकदम ऐकू येईनासं होतं.

पहिल्या दिवशी मी घाबरलो नाही, हे कबूल केलं पाहिजे. उलट मला वाटलं की आता आपली योजना कुणी अडवणार नाही. फळ्यावर आठवड्याचं कोष्टक काढलं, आणि खाली येऊन पहिलं काम म्हणजे रंगांचं लांब फळकूट आवरलं. काय मामा त्याची दशा होती. लाल डब्याशेजारी पांढरा, त्याच्यावर अर्धा हिरवा, मध्येच दोन ठिकाणी वीतभर जागा मोकळी, काही झाकणं सुलटी, काही उलटी. मी दुपारभर खपून सगळे डबे रंगांप्रमाणे लावले, फिक्याकडून गडदाकडे, प्रत्येकाखाली नावाची पट्टी, मोकळी जागा कुठेही नाही. दोन पावलं मागे जाऊन बघितलं तर डोळे निवले. मास्तर दुपारची झोप काढून आले, आणि फळकुटासमोर उभे राहिले. मग विचारलं, "धाकटे मालक, ताईंची रांग कुठे गेली?"

मामा, ते फळकूट म्हणजे ताईची योजना होती. डावं टोक म्हणजे आज, उजवं टोक म्हणजे पुढच्या महिन्याची अखेर. ज्या पाटीला जे रंग लागणार ते डबे एकत्र, ज्या क्रमाने पाट्या व्हायच्या त्याच क्रमाने. उलटं झाकण म्हणजे पहिला हात झाला आहे, वाळतो आहे. सुलटं झाकण म्हणजे गिऱ्हाईकाने मजकूर अजून पक्का केलेला नाही, डबा उघडायचा नाही. लाल उशिरा वाळतो म्हणून लाल काम नेहमी सुट्टीच्या आदल्या दिवशी येईल असं बसवलेलं. सहा आठवडे त्या फळकुटावर नीट बसले होते आणि मी ते एका दुपारी रंगसंगतीने लावले होते. मी मास्तरांना विचारलं की त्या मोकळ्या जागा कसल्या. ते म्हणाले, "एक अचानक येणाऱ्या गिऱ्हाईकाची." आणि दुसरी? मास्तर ब्रश धुवायला लागले. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "दुसरी तुमच्या बैठकीची."

मी तिथेच डब्यावर बसलो. मला लाज वाटली हे खरं, पण त्याहून जास्त मला ते सगळं जाणून घ्यायचं होतं. पुढचे दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. फळकुटावर डबे ठेवायला जे गोल डाग पडलेले असतात, त्यांच्यावरून कुठला डबा कुठे होता ते जुळवायचा प्रयत्न केला. निम्मं जमलं. एका फिक्या निळ्या डब्याचं झाकण अर्धंच उलटं, म्हणजे तिरकं ठेवायची तिची पद्धत होती असं मास्तर सांगतात, पण त्याचा अर्थ त्यांनाही ठाऊक नाही. ते तिरकं झाकण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी माझ्या परीने तीन अर्थ काढले आहेत, तिन्ही संशयास्पद आहेत.

मग दंतवैद्यांची पाटी पुन्हा करायची होती (माळ्यावरची उतरवताना तुळईला घासून तिची निम्मी अक्षरं गेली होती). मास्तरांकडे दुसरी कामं तुंबलेली (आता क्रमही राहिला नव्हता, पुढच्या महिन्याची पाटी तयार आणि उद्याची कोरी), म्हणून मी ठरवलं, ही आपणच काढू. तुम्ही शिकवलं होतं तसं खडूची दोरी ताणली, टिचकी मारली, शिरोरेघ सरळ उमटली. मला वाटलं, जमतंय. 'दंतवैद्य' हा शब्द मोठा घ्यायचा होता. 'दं' झोकात आला. 'त' त्याला शोभेसा. 'वै' च्या मात्रांना मी जरा फुलवलं. आणि 'द्य' ला चार बोटं जागा उरली. मामा, पाच वर्षांची योजना करणाऱ्या माणसाला चार अक्षरांची योजना जमली नाही. मी तो 'द्य' आखडून, वर ढकलून, कसाबसा बसवला, तर वाचणाऱ्याला वाटावं की दंतवैद्य बोलता बोलता दार लावून घेतायत. पुसून पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी मास्तर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटचं अक्षर आधी मनात काढायचं, मग पहिलं हाताने." मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, ताईंनी.

पाचव्या वेळची पाटी काल दंतवैद्यांच्या दारावर लागली. सुंदर नाही, पण सगळी अक्षरं एकाच माणसाची वाटतात. त्यांनी लांबून बघून मान हलवली आणि आत जाऊन माझी एक दाढ फुकट तपासून दिली. ती काढावी लागणार आहे.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी सगळा दोष पत्करून मोकळा झालो. ताईचं एक चुकतंच. तिची योजना फळकुटाएवढी लांब आहे. फळकूट संपलं की जग संपलं. गेल्या महिन्यात नव्या इस्पितळाचे लोक आले होते, बहात्तर खोल्यांच्या बहात्तर पाट्या, आणि तिने त्यांना उभ्या उभ्या नाही सांगितलं, कारण रांगेत जागा नव्हती. पलीकडे मशीनवाले आले तेव्हा ती म्हणाली, येतात आणि जातात. ते गेले नाहीत. दर महिन्याला आपली दोन-दोन जुनी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून जाताना मी बघत होतो आणि ती वाकून कुणाचा तरी 'क्ष' सरळ करत होती. शिबिराला मी हौसेने गेलो नव्हतो, मामा. मला भीती वाटली होती. हे मी तिला सांगितलं नाही. धोरण सांगितलं, सुधारणा सांगितल्या, फळ्यावर बाण काढून दाखवले, पण मला भीती वाटते एवढं तीन शब्दांचं वाक्य काही सांगितलं नाही. आणि तिनेही झाकणं उलटी-सुलटी का ठेवते ते मला कधी सांगितलं नाही. एकाच घरात वाढून, एकाच छपराखाली काम करून आम्ही एकमेकांना हातातलं काही दाखवत नव्हतो. तिला ताप आला की दुकान अडतं, कारण सगळं तिच्याच डोक्यात. मी वर बसलो की दुकान घसरतं, कारण माझ्या डोक्यातलं काही खाली उतरतच नाही.

तर तुम्हाला एक विचारायचं होतं, आणि हे खरं कुतूहल आहे, यात टोमणा नाही. तुम्ही रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी समोरच्या फुटपाथवर हात मागे बांधून उभे राहायचात. पंधरा-वीस मिनिटं. आम्ही लहानपणी पैजा लावायचो की मामा काय बघतात. ताई म्हणायची येणारे-जाणारे, मी म्हणायचो काही नाही, चहाची वाट. मी परवा तसा उभा राहून बघितलं. आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं की आपल्याच दुकानाची पाटी इतकी विटली आहे की 'पाट्या' मधला काना पार उडाला आहे. गावभरच्या पाट्या रंगवणाऱ्या दुकानाची. माझ्या तिन्ही धोरणांत ती नव्हती आणि ताईच्या रांगेतही नव्हती, कारण माळ्यावरून ती दिसत नाही आणि फळकुटासमोरूनही दिसत नाही. ती फक्त समोरून दिसते. तुम्ही ते बघत होता का? की अजून काही होतं? मुद्दाम सांगा. मी दुसऱ्या दिवशी जास्त वेळ उभा राहणार होतो, पण तिसऱ्या माणसाने येऊन बस कितीला येते ते विचारल्यावर आत आलो.

माळ्यावरचं टेबल मी खाली आणलं आहे. ते आणताना शिडीची एक पायरी गेली, त्यामुळे पुन्हा वर जायचा मोह झाला तरी उपयोग नाही.

मामींना नमस्कार, आणि त्यांनी पंख्याकडे बघणं डॉक्टरांना विचारून करावं. घरातल्या लहानांना आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू द्या, वाढवायची गरज नाही, सध्याचाच मला पेलत नाही.

तुमचा भाचा
(माळ्यावरून खाली आलेला)

ता. क. : इस्पितळवाले पुन्हा येऊन गेले. बहात्तर पाट्यांचं अजून कुणाला दिलेलं नाही, शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. मी हो म्हटलेलं नाही आणि नाही म्हटलेलं नाही. मला वाटतं मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी ठरवायचं शिल्लक ठेवलं आहे. फार अस्वस्थ वाटतं.

दुसरा ता. क. : तुम्ही पत्रात अगदी साळसूदपणे विचारलं आहे की 'ताई कशी आहे, बरेच दिवसांत तिची खबर नाही'. मामा, तुमच्या पाकिटावरचा पत्ता ताईने लिहिला आहे. सबंध मुलखात 'ळ' ची गाठ तशी कुणी मारत नाही. तेव्हा वरची आठ पानं मी तुम्हाला लिहिली असली तरी तुम्हाला लिहिलेली नाहीत. ती तिला वाचून दाखवा. 'ताईचं एक चुकतंच' पासून सात-आठ ओळी गाळल्यात तर बरं होईल. पण ती शेजारून डोकावून वाचत असणार, त्यामुळे गाळू नका.

तिसरा ता. क. : खरं काम हे. मला तिच्याशिवाय दुकान चालवता येत नाही, आणि चालवायचंही नाही. हे वाक्य मी पत्राच्या सुरुवातीला लिहायचं ठरवलं होतं. ती मशीनवाल्यांकडे गेली तरी माझी बहीण आहेच, तिथे मी भांडायला जाणार नाही, पण तिने एकदा येऊन ते तिरकं झाकण समजावून द्यावं. गुरुवारच्या सकाळच्या बसचं तिचं तिकीट काढून या पाकिटात घातलं आहे.

चौथा ता. क. : पाकीट चिकटवल्यावर मास्तरांनी विचारलं, पत्र तुमच्याकडे पोचायला किती दिवस लागतात. चार. म्हणजे शनिवार. तिकीट गुरुवारचं आहे. मास्तरांनी फक्त ब्रश खाली ठेवला. तेव्हा पाकीट पुन्हा फोडलं आहे, आणखी एक तिकीट आत घातलं आहे, माझं, ताईच्या शेजारच्या सीटचं, आणि उद्या सकाळी मी स्वतःच हे पत्र घेऊन निघतो आहे. तुम्हाला ते खिडकीतून मिळेल. तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तेव्हा मी बाहेर पायरीवर उभा आहे. दार उघडायला तुम्ही उठू नका. ताईला उठू द्या.